उसनं यंत्र

बाईंचा आवाज मोठा. म्हणजे अगदी खणखणीत. त्याला कारण होतं. कॉलेजात येण्याआधी बरीच वर्षं त्या रंगाच्या कारखान्यात होत्या, आणि तिथे पिंपं घुसळणाऱ्या यंत्रांच्या शेजारी उभं राहून बोलायचं तर घसा ताणल्याशिवाय समोरच्याला ओ की ठो कळत नाही. पुढे कॉलेजात पहिलाच तास घेतला, तेव्हा शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर धावत आले. दारातूनच म्हणाले, "काय झालं? कुणाशी भांडण झालं का?" बाई रसायनशास्त्राची ओळख करून देत होत्या हो!

कारखान्यात त्यांचं काम तपासणीचं. तयार झालेला रंग डब्यात भरायचा की नाही हे त्या ठरवणार. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावायचा, ठरलेला वेळ थांबायचं आणि वर अंगठा दाबायचा. ठसा उमटला तर रंग कच्चा, बॅच थांबली. म्हणून कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं होतं अंगठेबहाद्दर. एवढी शिकलेली बाई, आणि अंगठेबहाद्दर! बाईंना ते नाव मनापासून आवडायचं. एकदा उत्पादनाचे साहेब गळ घालायला आले. "बाई, गिऱ्हाईक दारात उभं आहे. एवढी बॅच जाऊ द्या, वाटेत वाळेल." बाईंनी तो निळा पत्रा साहेबांच्याच हातात दिला आणि म्हणाल्या, "धरा. वाळला की सांगा." साहेबांच्या पांढऱ्या शर्टाची बाही निळी झाली, आणि त्यानंतर कुणी बाईंच्या वाटेला गेलं नाही.

मग असली नोकरी सोडली कशाला? डोक्यात राख घालून, दुसरं काय!

दरवर्षी कॉलेजांतून नवी मुलं उमेदवारीला यायची. पदव्या चांगल्या, गुण भरघोस. आणि हातात काचेची नळी दिली की पहिला प्रश्न, "मॅडम, उत्तर किती यायला हवं?" अरे बाबा, उत्तर माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? प्रयोग म्हणजे आधी उत्तर विचारून घ्यायचं आणि मग आकडे हाकत हाकत तिथपर्यंत न्यायचे, हे त्या मुलांच्या हाडीमाशी खिळलेलं. बाई रोज घरी येऊन कॉलेजांच्या नावाने बोटं मोडायच्या.

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. माणूस शांत, पण एके दिवशी त्यालाही असह्य झालं. ताट पुढे ओढत तो म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. एवढं वाटतंय ना, तर जा आणि शिकव."

"जाईन!"

"पगार निम्म्यावर येईल."

"येऊ दे."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "जाऊ दे रे तिला. नाहीतर रोज आपल्यालाच शिकवत बसते."

अशा रीतीने बाई प्राध्यापक झाल्या. पहिल्या वर्षी चांगलीच तारांबळ उडाली. त्या जीव तोडून सांगायच्या आणि मागच्या बाकावरून विचारणा व्हायची, "हे परीक्षेला आहे का?" त्यांनी काय करावं? प्रयोगाच्या तासाला प्रत्येकापुढे वेगळी बाटली ठेवली. कुणाचं द्रावण कडक, कुणाचं पातळ. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून काही उपयोग नाही. मुलं रडकुंडीला आली, पालक भेटायला आले, आणि एका मुलीला तर बाई इतकं लागेल असं बोलल्या की ती प्रयोगशाळेत फिरकेचना. शेवटी बाई तिच्या घरी गेल्या. फसलेली बॅच ओतून देता येते, मुलीला कुठे ओतणार? तिच्या आईसमोर "माझं चुकलं" म्हणाल्या आणि तिला घेऊन आल्या. तेव्हापासून जीभ थोडी आवरली, आवाज मात्र तोच राहिला.

हळूहळू मुलांना चव लागली. कारखान्यांतून निरोप येऊ लागले, "तुमच्या कॉलेजची मुलं पाठवा, त्यांना हात आहेत." बाई विभागप्रमुख झाल्या. पुढे संस्थेच्या मंडळाने विचारलं, प्राचार्य व्हाल का? अशा वेळी माणसं मान खाली घालून "माझी पात्रता कुठे" वगैरे म्हणतात. बाई म्हणाल्या, "होईन." आणि झाल्या! प्राचार्यांच्या मोठ्या खुर्चीत बसल्या तरी आठवड्यातून एकदा पहिल्या वर्षाचा प्रयोगाचा तास त्यांनी सोडला नाही.

इथवर सगळं झकास. आता त्या यंत्राचं सांगतो.

द्रावणाचा रंग किती गडद आहे ते अचूक मोजणारं एक महागडं यंत्र असतं. नियम असा, की ते नसेल तर रसायनशास्त्राच्या विभागाची मान्यता जाते. मान्यता गेली की विभाग बंद. बाईंनी मंडळाकडे दरवर्षी ते मागितलं. मंडळाने दरवर्षी मान डोलावली आणि पैसे जमले तेव्हा प्रवेशद्वाराला कमान बांधली. कमान झकास झाली, हे कबूल केलं पाहिजे. आणि यंत्र नसताना मान्यता टिकली कशी? त्याचीही सोय होती. शेजारच्या एका बड्या कॉलेजाकडे ते यंत्र होतं. कुठेही तपासणी समिती येणार म्हटलं, की आदल्या दिवशी ते टेम्पोत बसून तिथे हजर! त्यावर त्या त्या कॉलेजाच्या नावाची पट्टी डकवायची, समितीला दाखवायचं, समितीची पाठ वळली की यंत्र माघारी. बिचाऱ्याने जेवढी कॉलेजं पाहिली तेवढी कुठल्या प्राध्यापकानेही पाहिली नसतील. आधीच्या प्राचार्यांच्या काळात बाईंनी यावरून आकांडतांडव केलं होतं. "तुम्ही प्राचार्य झालात की बघा," असं उत्तर मिळालं होतं.

आता त्याच प्राचार्य होत्या आणि समिती उद्या येणार होती.

दुपारी फाटकात टेम्पो लागलेला त्यांनी खिडकीतून पाहिला. खाली गेल्या. विभागातले धाकटे सर, म्हणजे वर्षावर्षाच्या करारावर असलेला एक तरुण प्राध्यापक, घामाघूम होऊन यंत्र उतरवत होते. शेजारी संस्थेचे सचिव उभे.

"चढवा परत," बाई म्हणाल्या.

सचिवांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. कळलं तेव्हा ते भडकले. "अहो मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची! सगळे करतात. तुम्हालाच हात दाखवून अवलक्षण करायची हौस कशाला?"

"मी कच्चा माल बाहेर सोडत नाही. तिथे सोडला नाही, इथेही सोडणार नाही. चढवा, सर."

सरांनी यंत्र चढवलं. टेम्पो गेला, सचिव पाय आपटत गेले, आणि सर तिथेच उभे राहिले. एरवी कधी वर मान करून न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला.

"मॅडम, तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली. विभाग बंद झाला तर तुमचं काही जात नाही. माझी बायको आठव्या महिन्यात आहे. तत्त्व तुमचं, आणि पोट माझं." एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले आणि ते वळून निघून गेले.

ज्याचं जळतं त्याला कळतं, खोटं नाही. बाई घरी आल्या. साहेबाच्या हातात ओला पत्रा देताना जिचा हात हलला नव्हता, त्या बाईला आज भीती वाटत होती. आपल्यासाठी नाही, त्या पोरासाठी. जेवायला बसल्यावर सगळं नवऱ्याला सांगितलं.

त्याने विचारलं, "मग यंत्र परत मागवतेस?"

"नाही."

"मग जेव. उपाशी पोटी उद्या आवाज निघायचा नाही."

दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष म्हणजे काठी टेकत चालणारे एक म्हातारे प्राध्यापक, चेहरा असा की हसू कुठून निघेल याचा थांग लागू नये. कपाटं पाहिली, नळ सोडून पाहिले, मग म्हणाले, "रंग मोजायचं यंत्र?"

सचिव चटकन पुढे सरसावले. "ते जरा दुरुस्तीला..."

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्या आवाजापुढे सचिवांचं पुढलं वाक्य विरून गेलं. "आमच्याकडे ते नाही. कधीच नव्हतं. काल उसनं आलं होतं, मी परत पाठवलं."

धाकटे सर भिंतीला टेकले. सचिवांनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षांनी सावकाश विचारलं, "डाव्या बाजूला लांब ओरखडा आहे, तेच का?"

"तेच."

"ते या महिन्यात मला तीनदा भेटलंय. आता तर मला बघून ओळख दाखवेल की काय असं वाटतं." मग काठी टेकत जवळ आले. "कुणाचं आहे ते?"

"माझ्या कॉलेजाचं मला विचारा, सर. शेजाऱ्यांचं शेजाऱ्यांना विचारा."

"बरं. मग यंत्राशिवाय मुलांना शिकवता काय?"

बाईंनी एका विद्यार्थिनीला खूण केली. अध्यक्षांनीच नळाचं पाणी भरून दिलं, यात लोखंड किती ते सांग म्हणाले. मुलीने पाण्यात आम्ल घातलं, मग दुसऱ्या बाटलीतले काही थेंब सोडले, पाणी लालसर झालं. लोखंड जितकं जास्त तितका लाल जास्त. मग तिने पांढऱ्या कागदापुढे नळ्यांची रांग लावली. प्रत्येकीत किती लोखंड आहे ते माहीत असलेली, फिकटापासून गडदपर्यंत, मुलांनी सकाळीच तयार केलेली. आपली नळी ती एकेकीशेजारी धरून वाकून वाकून बघत राहिली.

"तिसरी आणि चौथीच्या मधे," ती म्हणाली. "याहून बारीक मला नाही सांगता येत. डोळ्याला एवढंच दिसतं. यंत्र असतं तर सांगितलं असतं."

"अंदाजे सांग की एक आकडा."

"नको सर. तो खोटा असेल."

अध्यक्षांनी मान हलवली. "हे कुणी शिकवलं? प्राचार्यांनी?"

"नाही. आमच्या सरांनी." तिने भिंतीला टेकलेल्या धाकट्या सरांकडे बोट दाखवलं. सरांची पाचावर धारण बसली.

अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. "उद्या यंत्र आलं, तर तुम्ही चालवाल?"

"हो" म्हणणं किती सोपं होतं! सचिव डोळ्यांनी खुणावत होते, म्हणा, म्हणा. सरांनी बाईंकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे.

"मला येत नाही, सर," ते म्हणाले. "आधीच्या दोन कॉलेजांत आणि काल इथे, तीन वेळा मी ते उतरवलंय आणि तीन वेळा चढवलंय. बटण एकदाही दाबलेलं नाही. पण दिलंत तर आठवड्यात शिकेन."

अध्यक्षांनी वही उघडून त्यात काहीतरी लिहून घेतलं. बाईंना त्या पोराचा असा अभिमान वाटत होता की त्याला तिथल्या तिथे मिठी मारावी.

संध्याकाळी मंडळासमोर समितीच्या अध्यक्षांनी निकाल सांगितला. "विभाग बंद करण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. मान्यता वर्षभर राहील. तेवढ्यात यंत्र घ्या, स्वतःचं. मी स्वतः येऊन ओरखडा तपासणार आहे. आणि या तरुणाला कायम करा. यंत्राला माणूस लागतो." जाता जाता थांबून म्हणाले, "तुमची कमान मात्र छान आहे हं." मंडळाच्या अध्यक्षांना हसावं की रडावं कळेना.

मंडळाने मुकाट्याने पैसे काढले. सरांना मुलगी झाली, कायम झाल्याचा कागदही हातात पडला, आणि एका सकाळी नवंकोरं यंत्र आलं. प्रयोगशाळेत मुलांची ही गर्दी! टेबलाभोवती पाय ठेवायला जागा नाही. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

धाकट्या सरांनी खोका टेबलावर घेतला. पट्टीच्या धारेने चिकटपट्टी अगदी हळूच सोडवली, फाटू न देता. आतले पांढरे ठोकळे एकेक करून उचलले आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बाजूला मांडून ठेवले. मुलं उतावीळ झाली, सर मात्र खोक्याची झाकणं नीट दुमडत बसलेले.

"काय करताय, सर?" बाईंनी विचारलं.

"खोका जपून ठेवतो, मॅडम. परत भरायला..." आणि सर एकदम गप्प झाले.

वर्गात कुणाला काही कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांच्या डोळ्यांपुढचं यंत्र अंधुक झालं, पण आवाज काही दगा देणारा नव्हता.

"फाड रे तो खोका!"

सरांनी पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तो खोका टराटरा फाडला.