आक्काच्या कानातलं कुसळ

ये गो, अशी जवळ ये. आधी ती काडी कानातून काढ. काढ म्हणते ना! बोलता बोलता कानात काडी फिरवायची आणि डोळे मिटून घ्यायचे, जशी काय मांजर उन्हाला बसलीय. शिकलीसवरली पोर तू, आसनगावाहून रोज नोकरीला जातेस, आणि पर्समध्ये काय तर कंगवा, पावडर आणि ह्या कापसाच्या काड्या. टाक तिकडं.

आणि मघाशी काय विचारलंस? "मावशीआजी, आजी माझा फोन का उचलत नाय? रागावलीय काय?" रागावली नाय गो बाय. तिनं मला बजावलं होतं, पोरींना सांगू नको, कामधंदे सोडून धावत येतील. पण आता तुझ्या कानात ती काडी बघितली आणि माझ्यानं राहवेना. ऐक.

तुझी आजी, म्हणजे आमची आक्का, माझी थोरली बहीण. ती वैशाखऱ्याला, मी इकडं शहापूरकडं. म्हणून आमचा रोजचा फोन. दिवाबत्ती झाली की तिचा नाहीतर माझा. काय कालवण केलं, कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली. फोन ठेवताना "बरं, ठेवते" असं तीनदा म्हणायचं आणि मग परत बोलत बसायचं.

आमच्या आईच्या घरी एक रीत होती. भाताची झोडणी संपली की त्या दिवशी आई आम्हा पोरांना चटईवर ओळीनं कुशीवर झोपवायची आणि कानात कोमट खोबरेल सोडायची. झोडणीत भुसा उडतो, कुसळं उडतात, डोक्याला फडकं बांधलं तरी कुठून कुठून शिरतात. थोड्या वेळानं दुसऱ्या कुशीवर वळायला सांगायची. तेल आपलं आपण बाहेर यायचं, त्याबरोबर काय आलं तर आलं. आई पदराच्या टोकानं वरवर पुसायची. आत बोट म्हणून घालायची नाही.

आक्कानं ती रीत मोडली नाही, तिच्यात भर घातली. पहिल्यांदा आली केसांची पिन. मग शेजारणीनं शिकवलं म्हणून कोंबडीचं पीस. आणि मुलानं शहरातून ह्या काड्यांची डबी आणली, तेव्हापासून तर बाई राणीच झाली! कोनाड्यात देवाच्या उदबत्तीशेजारी ती डबी. मी म्हटलं, "अगो, रोज रोज काय कोरतेस?" तर म्हणे, "कापूस हाय गो, मऊ. मऊ वस्तूनं काय होतंय?" तेल घालायचं आणि ताक घुसळावं तशी काडी घुसळायची. कापूस पिवळा निघाला की खूष. मला दाखवायची सुद्धा, जसं काय शेतात सोनं लागलं.

यंदा झोडणीनंतर तिच्या डाव्या कानात सळसळायला लागलं. कुसळ गेलं असणार. तिनं तेल घातलं आणि काडीनं शोधायला गेली. शोधता शोधता ते गेलं आत. मग आणखी तेल, आणखी काडी. सून म्हणाली, "आत्या, डॉक्टरकडं जाऊ." तर हिचं एकच, "दडा बसलाय, बसतो तसा उठतो."

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की म्हशाच्या जत्रेला आम्ही दोघी दरवर्षी जातो, यंदा मी गेले नाही, माझे गुडघे धरले होते, आणि त्यानंतर आक्काचा फोन बंद. मी केला तर उचलत नाही. मी म्हटलं, रुसली. आमच्यात रुसणं नवं नाही. पण आठवडा गेला, पुढचा निघाला, आणि माझं डोकं तापलं. उठले, एसटी धरली आणि वैशाखरे गाठलं. भांडण सगळं वाटेत तयार केलं होतं.

अंगणात पाठमोरी बसून तांदूळ पाखडत होती. मी फाटकातूनच सुरू केलं, "काय गो, फोन उचलायला हात झिजतात काय तुझे? म्हशाची जत्रा काय पळून गेली? बहीण मेली का जगली, इचारायचं तरी!"

सूप तसंच हलतंय. मान वळत नाही. मला आणखी राग. जवळ जाऊन अजून चार शब्द ऐकवले. तेवढ्यात सून आतून आली आणि आपल्या कानावर हात ठेवून तिनं मान हलवली.

भांडण तिथंच टाकलं आणि मी पुढं झाले.

मग आक्काला माझी सावली दिसली. अशी हसली! आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आलीस? गुडघे कुठं ठेवून आलीस?"

सुनेनं सगळं सांगितलं. फोन आला की त्याचा उजेड आक्काला दिसायचा. पण उचलून करायचं काय? पलीकडचं माणूस हॅलो हॅलो करून दमायचं आणि हिला लाज वाटायची. तुझा फोन आला की तो हातात घेऊन नुसती बघत बसायची, वाजायचा थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिला मुरबाडला नेली, कानाच्या डॉक्टरिणीकडं. वाटभर कुरकुर. "वय झालं की ऐकू कमीच येतं, त्याला काय डॉक्टर." डॉक्टरीण तरणी पोर, तुझ्याच वयाची म्हण. बत्ती लावून बघितलं. उजव्या कानात मळाचा बूच बसलेला, काडीनं ठासून ठासून. डाव्यात कापसाचा पुंजका, त्यात कुसळ, सगळं तेलात लडबडलेलं. ते चिमट्यानं हळूच काढलं. आत जखम आणि पडद्याला बारीक भोक.

ती म्हणाली, "आजी, कानाचा मळ म्हणजे घाण नसते, तो कानाची राखण करतो. जास्तीचा आपणहून बाहेर येतो. काडी घातली की तुम्ही त्याला परत आत ढकलता. आंघोळीनंतर ओल्या फडक्यानं बाहेरून पुसा, बास. खाज आली, दुखलं, काय शिरलं, तर इकडं या. आणि भोक असताना तेल नको, पाणी पण नको." आंघोळीला बसताना डाव्या कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवायला सांगितला.

मी हे सगळं आक्काला ओरडून ओरडून सांगितलं. शेवटचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे कापूस चालतो ना? मग मला कशाला रागावता?"

डॉक्टरीण हसली. "दारात चालतो आजी. घरात नाय."

उजव्या कानात मळ मऊ करायचे थेंब दिले. त्यानं पहिले दोन दिवस आणखीच बंद झाला. मळ फुगतो म्हणे, डॉक्टरिणीनं आधीच सांगितलं होतं. पण आक्का माझ्याकडं अशी बघायची, जशी मीच कानात माती भरली. मग परत गेलो, तिनं मशीननं तो बूच खेचून काढला. मी सवयीनं कानाशी तोंड नेऊन बोंबलले, "आक्का, दुखलं काय गो?"

आक्का दचकली. "हळू बोल मेल्ये! मी बहिरी हाय काय?"

आम्ही दोघी तिथंच हसत सुटलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माझेही.

उजवा कान आला गो. डाव्याचं अजून सांगता येत नाही. बारीक भोक बरेचदा आपलं आपण भरतं, नाही भरलं तर पुढं बघू, असं डॉक्टरीण म्हणाली. परत दाखवायला बोलावलंय. आक्का तोंडानं म्हणते काय नाय होत. पण परवा मी निघताना माझा हात धरून म्हणाली, "डाव्या कानाचं काय व्हायचं ते होवो. आपल्या आसनगावच्या पोरीचं बोलणं एकदा नीट ऐकायचंय मला. फोनमध्ये अजून नुसतं खरखरतं, म्हणून उचलत नाय."

म्हणून सांगते, फोन करत बसू नको. जाऊन बस तिच्या उजव्या अंगाला, आणि ओरडू नको, सावकाश बोल. ह्या रविवारी सुट्टी हाय ना तुला? मुरबाडच्या स्टँडवर ये सकाळची. मी तिथं थांबते, दोघी मिळून वैशाखऱ्याला जाऊ. येशील ना? ये गो, लवकर ये.