मान हलवणारा मेंबर

...तर उकंडराव पाटलांनी ओसरीवरूनच हाळी दिली, "कादर, ती पिंजण ठेव तिथंच अन् नुसता अंगठा घेऊन ये!"

काल इथंच आपलं बोलणं तुटलं, जेवणाचं बोलावणं आलं म्हणून. अंगठ्याचं पुढं काय झालं ते सांगायचंच आहे. पण कादर पिंजारी मेंबर कसा झाला हे काल राहूनच गेलं, आणि ते कळल्याशिवाय त्या अंगठ्यात गंमत नाही.

खैरखेडी म्हणजे साखऱ्यापासून अडीच कोसावरचं गाव. साल एकोणचाळीस असेल, फार तर चाळीस. राज्य निजामाचं. मारुतीच्या पारामागं चौथीपर्यंतची शाळा आणि सगळ्या वर्गांना मिळून एकटे हरिचंद मास्तर. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, मराठी असो की उर्दू; छाती मात्र चिमणीएवढी. तालुक्याहून नाजिर साहेब येणार म्हटलं की मास्तर दोन दिवस आधीपासून ताकावर राहायचे. नाजिर म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार. आणि शाळेवर गावची एक कमिटी असायची तिघांची: सदर, म्हणजे अध्यक्ष, पाटील, लिहिण्याला मास्तर आणि तिसरा रयतेतला एक मेंबर.

तिसरा मेंबर नेमायची वेळ आली तेव्हा पाटलांनी क्षणाचाही विचार न करता कादरचं नाव दिलं. कारण कादरची मान.

पिंजताना कादरची मान पिंजणीच्या तातीच्या, म्हणजे ताणलेल्या दोरीच्या, तालावर हलायची. ठोकळा तातीवर पडला की तँव, मान खाली. कापूस उडाला की मान वर. तीस वर्षं हाच उद्योग. मग पिंजण खाली ठेवली तरी मान काही थांबेना. कुणी समोर बोलू लागलं की बोलणाऱ्याच्या तालावर ती हलायची. अख्ख्या गावाला वाटायचं, कादर हो म्हणतोय. एकदा गावातल्या भीमसिंगानं त्याच्यासमोर स्वतःच्याच बैलाची तासभर तारीफ केली, कादरची मान हलत राहिली, आणि भीमसिंग दुसऱ्या दिवशी बैल घेऊन दारात हजर: "तू घेतो म्हणाला होता ना?" खरं काय ते फक्त कादरच्या बायकोला, मदीनाबीला, ठाऊक. ती म्हणायची, "त्यांची मान धंद्याची हाये. तिला काय विचारता? तोंडाला विचारा."

पण पाटलांनी तोंडाला विचारलं नाही. नाजिर साहेबांना सांगितलं, "लई भला माणूस. काय बी म्हणा, मान डोलावतो." साहेबांना असाच माणूस हवा होता. नेमणुकीचा कागद आला.

दुसरा कुणी असता तर तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवून मोकळा झाला असता. कादर तो घेऊन मास्तरांकडे गेला.

"मास्तर, हे वाचून दाखवा. मेंबरानं करायचं काय असतं?"

"काही नाही हो कादरभाई. वर्षातून एकदा अंगठा."

"एवढ्यासाठी एवढं लांब लिहितेत व्हय?"

मास्तरांनी वाचलं. पाच कलमं होती. पहिलंच होतं की मेंबरानं दर महिन्याला शाळेत जाऊन 'बचश्मे-खुद' मुआयना करावा. कादरनं हात वर केला.

"थांबा. बचश्मे-खुद म्हंजे काय?"

"म्हणजे आपल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहून."

"अन् मुआयना?"

"तोही पाहणंच की."

"म्हंजे दोनदा पाहा म्हणतेत," कादर म्हणाला. "बाकीची चार राहू द्या. याच्यातच जिंदगी जाईल."

आणि तो खरंच जाऊ लागला. कागदात महिन्यातून एकदा होतं, हा दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी. भिंतीला टेकून बसायचा, मान हलवत पाढे ऐकायचा. मास्तर आधी घाबरले, मग सरावले, मग तर बेस्तरवारी जरा मोठ्यानं शिकवू लागले.

लिहिता येत नव्हतं म्हणून हिशोब ठेवायची त्याची रीत त्याच्या धंद्यातली. एका पिशवीत कापसाचे बोंडके. शाळेत आलेल्या लेकरामागं एक पिंजलेला, साफ. न आलेल्यामागं एक सरकीसकट, जसा झाडावरून काढला तसा. शाळा सुटली की सरकीचे बोंडके घेऊन तो घरोघर फिरायचा.

सखुबाईच्या दारात असाच उभा राहिला. तिची लेक शकुबाई शाळेतून महिनाभर गायब, शेळ्यांमागं.

"सखुबाई, हा तुमच्या पोरीचा."

"काय हे? वातीला कापूस वाटून राहिले का आता?"

"हाजरी हाये. सरकी आत हाये म्हंजे पोरगी शाळेत न्हाई."

"अगं बाई! अन् शेळ्या कोन राखील? तुमी?"

"मी राखतो. बेस्तरवार सोडून."

सखुबाई हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. "कादरभाऊ, तुमचं डोकं तपासून घ्या एकदा. पोरीच्या जातीला चौथी कशाला?"

"ते मला काय माहीत? मी पहिली बी न्हाई केली. म्हणून तर पाहायला जातो, काय असतं ते."

आणि शेळ्या त्यानं खरंच राखल्या. पिंजायला जाताना त्याच्या पाठीवर पिंजण आणि मागं सखुबाईच्या चार शेळ्या, अशी वरात गावानं पावसाळाभर पाहिली. त्यातल्या एकीनं हरिचंद मास्तरांचं धोतर खाल्लं ती वेगळी गोष्ट आहे, तिच्यात आत्ता शिरलो तर अंगठा उद्यावर जाईल. शकु शाळेत गेली. वर्ष सरलं तेव्हा चौथीत अकरा लेकरं होती. त्या भागात कुठल्याच खेड्यात चौथीत अकरा नव्हती.

आता हीच गोष्ट दोघांना खुपली.

पाटलांना अशासाठी की चौथी शिकलेलं पोरगं गुरांमागं जात नाही. ते हिंगोलीला जातं, टोपी घालतं आणि परत आलं की पाटलाला कागद वाचून दाखव म्हणतं. आणि नाजिर साहेबांना अशासाठी की नियम असा होता: जिथं तिसरीपर्यंत शाळा तिथं तपासणीला वर्षातून एक खेप, जिथं चौथी तिथं परीक्षेसाठी दुसरी खेप, तीही स्वतः. खैरखेडीची वाट म्हणजे काळ्या मातीचा चिखल, दमणीचं, म्हणजे छोट्या बैलगाडीचं, चाक आसापर्यंत रुतायचं. मागच्या खेपेला साहेबांचा एक बूट त्या चिखलात राहिला तो राहिलाच.

तेव्हा त्या वर्षी साहेब आले ते शाळेत गेलेच नाहीत. पाटलांच्या ओसरीवर बसले, कोंबडी झाली, पान झालं आणि मुआयना बुक मागवलं. शाळा पाहून झाली की शेरा लिहायचं ते जाडं पुस्तक. पानापानावर आकडा आणि सरकारी शिक्का, म्हणजे कुणी पान फाडलं तर लगेच उघडं पडावं. साहेबांनी झरझर उर्दूत लिहिलं. खाली पाटलांनी सही केली. मास्तरांनी वाचलं, आणि तरी सही केली. राहिला तिसरा. तेव्हा पाटलांनी ती हाळी दिली, जिथं काल आपण थांबलो.

कादर शेजारच्याच घरी गादीचा कापूस पिंजत होता. आला. ठेव म्हटलं तरी पिंजण खांद्यावरच, आणि केसांवर, मिशीवर, भुवयांवर कापूस.

"या मेंबर," पाटील म्हणाले. "इथं लावा अंगठा."

"काय लिव्हलं हाये?"

"तुला काय करायचं? साहेबांनी लिव्हलं हाये."

"मास्तर, वाचा."

मास्तरांनी पाटलांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि जमिनीकडे पाहत वाचलं. कमिटीनं आणि नाजिरांनी बचश्मे-खुद मुआयना केला. चौथीत एकही मूल आढळलं नाही. वर्ग बंद करावा, शाळा तिसरीपर्यंत ठेवावी.

कादरची मान हलत होती. पाटलांनी खुशीत शाईची डबी पुढं सरकवली.

"न्हाई," कादर म्हणाला.

मान हलतेच आहे आणि तोंड नाही म्हणतंय. साहेबांना कळेना ऐकावं कुणाचं. "क्या बोल रहा है ये? हां या ना?"

"ना, साहेब. चौथीत अकरा हायेत. मी परवाच पाहिले. तुमी कवा पाहिले?"

"कादर!" पाटील उठून उभे राहिले. "कोनाम्होरं बोलून राहिला तू? पिंजारी हायेस, पिंजारी राहा!"

"पिंजारी हावोच की. कापसात सरकी ठिवून गादी भरली तर तुमीच मला शिव्या देता. अन् इथं म्हणता अंगठा लाव."

साहेब जरा समजुतीनं घेऊ लागले. "देखो मियां, मेंबरी बड़ी इज्जत की चीज है. एक अंगूठे के लिए काहे को तकलीफ उठाते?"

"तकलीफ कशाची? शाळा इथून पन्नास पावलं. चला, पाहू. अकरा निघाले न्हाईत तर दोन्ही अंगठे लावतो."

साहेबांनी अंगणाकडे पाहिलं. रात्री पाऊस पडून गेला होता. त्यांनी पाय जवळ घेतले.

"शाळेत जायची जरूर न्हाई," पाटील म्हणाले. "तुला कबूल नसंल तर तसं लिहून दे. मेंबराला तेवढा हक हाये. लिव्ह!" आणि ओसरीवर हशा झाला. कादरला लिहायला सांगणं म्हणजे मोठाच विनोद.

कादर त्या हशात उभा राहिला. हसणाऱ्यांच्या तालावर मान हलत होती बिचारी. मग मास्तरांना म्हणाला, "मास्तर, माझ्यावतीनं लिव्हता?"

मास्तरांनी टाक खाली ठेवला. त्यांना नोकरी होती, घरी म्हातारी आई होती. कादरनं त्यांना दोष दिला नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही.

"बरं," तो म्हणाला. "हक हाये म्हणता ना? मग लिव्हणारं आणतो."

पिंजण तशीच पाटलांच्या पायरीला टेकवून तो शाळेकडे निघाला. ओसरीवर सगळ्यांना वाटलं, गेला रुसून. पाटलांनी दुसरं पान लावलं. पान तोंडात जातंय तोवर कादर परत, आणि मागं ओळीनं अकरा लेकरं. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. सगळ्यांत पुढं शकु, सखुबाईची.

कादरनं मुआयना बुक उचललं आणि ओसरीच्या कडेवर ठेवलं. "साहेबांच्या अक्षराखाली लिव्हा. आपलं नाव, अन् चौथीत हाये म्हणून. एकेक जण. घाई न्हाई."

शकुनं टाक घेतला. पहिली ओळ तिची: मी शकुबाई, मी चौथीत आहे. तिच्याखाली युसूफ, त्यानं उर्दूत लिहिलं. त्याच्याखाली दुसरे नऊ. त्यातल्या जहांगीरच्या ओळीत मोठा डाग पडला, तो अजूनही त्या पानावर आहे. 'चौथीत एकही मूल आढळलं नाही' याच्या खाली अकरा हात, अकरा अक्षरं. साहेबांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग ते ओरडले, हिसकायला गेले. पण हिसकून करणार काय? पान फाडावं तर आकडा आणि शिक्का. लिहिलेलं खोडावं तर लिहिलेलं दिसतंय. चौथीत मुलं नाहीत हे चौथीच्या मुलांच्या अक्षरावर खोडायचं कसं?

हरिचंद मास्तरांनी त्या वेळी एक गोष्ट केली. ते उठले, बाराव्या ओळीवर आले आणि लिहिलं: वरील अकरा मुले माझ्या वर्गातली. सही, हरिचंद मास्तर. मग खाली बसले आणि ताक मागितलं.

पुढचं थोडक्यात. साहेबांनी तक्रार केली, महिन्याभरात वरच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. तीन सवाल होते: मुआयना बुकात लिहायची पोरांना इजाजत कुणी दिली, मेंबराचं काम काय ते तुम्हाला ठाऊक आहे काय, आणि चूक कबूल करून मूळ शेऱ्याखाली अंगठा लावता, की मेंबरी सोडता. पाटलांनी निरोप पाठवला, "अजून बी वेळ गेली न्हाई, माफी माग." मदीनाबीनं निरोप्याला दारातच विचारलं, "मानेला सांगू का तोंडाला?"

मेंबरी गेली. चौथी राहिली. वरच्या साहेबांनी ते बुक मागवून पान पाहिलं आणि वर्ग चालू ठेवायचा हुकूम केला. कादर मरेपर्यंत दर बेस्तरवारी शाळेत जातच होता, मेंबर नसताना. अठ्ठेचाळीसात राज्य बदललं, कपाटं उपसली गेली, तेव्हा ते बुक निघालं. शेवटच्या पानावर शकुच्या अक्षरात त्या तीन सवालांच्या जबाबाची नक्कल होती. कादरनं सांगितला आणि तिनं लिहिला, तसाच्या तसा:

"साहेबांस कादर पिंजाऱ्याचा सलाम. पोरांना इजाजत मी दिली. मला लिव्हता येत न्हाई, म्हणून ज्यांना येतं त्यांना सांगितलं. मेंबराचं काम तुमच्याच कागदात हाये, पहिलं कलम, आपल्या डोळ्यानं पाहणं. मी पाहिलं. अकरा हायेत. तिसरा सवाल अंगठ्याचा. पाटील म्हणतात माझी मान हलती. हलती, बराबर हाये. पिंजून पिंजून हलती. अंगठा हलत न्हाई. मेंबरी घ्यायची तर घ्या, पाहायला मेंबरी लागत न्हाई. बेस्तरवारी मी शाळेत जाणार. तुमी बी या. चिखल हाये, बूट काढून या."