मार्केलाच्या जगात एकच जहाज

खिओस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आमचं गाव आहे. तिथे जगाची खबर हवी असेल तर पुरुष मंडळी कॉफीच्या दुकानात जातात आणि भांडून परत येतात. बायका मात्र मार्केलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबतात. ओट्यावर एक जुना रेडिओ, बाहेरच्या खोलीत टीव्ही, आणि दोन्ही एकदम सुरू. युद्ध असो, भूकंप असो, कुणा मंत्र्याचा राजीनामा असो, मार्केलाचा प्रश्न ठरलेला: तिथून समुद्र किती लांब?

कारण तिचा एकुलता एक मुलगा, इसिदोरोस, मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. जग ही एवढी मोठी गोष्ट देवाने कशासाठी केली, तर इसिदोरोसच्या जहाजाला फिरायला जागा हवी म्हणून, असं तिचं साधारण मत होतं.

नव्व्याण्णवच्या वसंतात बेलग्रेडवर बॉम्ब पडायला लागले. दुकानात पुरुषांनी टेबलं बडवून बडवून पेले फोडले. मार्केलाने नकाशा काढला, बेलग्रेडला नुसती नदी आहे हे पाहिलं, आणि त्या रात्री ती गाढ झोपली. सकाळी उठल्यावर मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. ती चर्चमध्ये गेली आणि आपण ओळखतही नाही अशा बेलग्रेडच्या बायकांसाठी तिने मेणबत्ती लावली. ऑगस्टात समोरच्या तुर्कस्तानात भूकंप झाला. तो किनारा तिच्या अंगणातून दिसतो. तुर्कांचं नाव काढलं की गावात अजूनही नाकं मुरडतात. ती मात्र दोन घोंगड्या घेऊन बंदरावर गेली, म्हणाली, तिकडेही खलाशांच्या आया असतीलच. पुढच्याच महिन्यात आपलं अथेन्स हललं. त्यानंतर भारतात ओरिसाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, आणि मार्केलाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण इसिदोरोसचं जहाज थोड्याच दिवसांपूर्वी तिथून खनिज भरून निघालं होतं. तिथल्या बंदरात एका चहावाल्याने त्याला मातीच्या भांड्यात चहा दिला होता, असं तो फोनवर म्हणाला होता. जहाज सुखरूप आहे हे कळल्यावरही ती आठवडाभर नवऱ्याला विचारत राहिली, की तो चहावाला वाचला असेल का रे.

नवरा पांतेलिस. जन्मभर जहाजांवर सारंग म्हणून राबलेला, बारा बंदरांचं पाणी प्यायलेला, आणि आता गुडघ्यांमुळे अंगणापलीकडे न जाणारा. बायकोची चेष्टा करणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय. पण जहाज कुठवर पोचलं असेल याचा अंदाज त्याच्याइतका कुणाला येत नसे, म्हणून मार्केला त्याची चेष्टा सहन करायची.

वरच्या मजल्यावर सून राहायची, आर्गिरो. बेटाच्या दक्षिणेकडची, झाडांचा डिंक गोळा करणाऱ्या लोकांतली. समुद्राशी तिचा संबंध उन्हाळ्यात पोहण्यापुरता. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातले नवऱ्याबरोबरचे महिने बोटांवर मोजावेत. वर्षाच्या शेवटी तिला सातवा महिना होता. जगाची लोकसंख्या सहा अब्ज झाली असं टीव्हीवर सांगितलं तेव्हा ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आणि एक."

नाताळच्या आधी आर्गिरोने सासूपुढे सरळ विषय काढला. शहरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर होता, त्याला भागीदार हवा होता. इसिदोरोस त्याला पसंत होता. पण सहा जानेवारीला पाद्री समुद्रात क्रूस टाकतात त्या सणाच्या आत होय की नाही ते कळायला हवं होतं, नाहीतर म्हातारा दुसरा माणूस बघणार. आर्गिरोने फोनवर त्या कामाबद्दल सांगून पाहिलं होतं. इसिदोरोस नुसता "बघू" म्हणाला होता.

"तुम्ही सांगा ना, आई," आर्गिरो म्हणाली. "तुमचं ऐकेल तो. एकदा नुसतं 'ये' म्हणा."

मार्केलाने ओट्यावरचा रेडिओ बंद केला. दर्यावर गेलेल्या माणसाला त्या घरातल्या बाईने 'ये' म्हणायचं नाही, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. 'सांभाळून जा' म्हणायचं, 'पुन्हा भेटू' म्हणायचं. 'ये' हा शब्द समुद्राच्या कानावर पडता कामा नये. आजीच्या बहिणीने एकदा हाक मारली होती. तिचा माणूस आला, पण प्रेत होऊन, फळीवर.

"ते माझ्याने व्हायचं नाही," ती शेवटी म्हणाली. आर्गिरो जिना चढून गेली. त्यानंतर दोघींमध्ये बोलणं राहिलं ते मीठ-तेलापुरतं.

मार्केलाला मुलगा घरी नको होता असं कुणी समजू नये. तिचा जीव त्याच्यासाठी तुटायचा. पण तिचा जीव तुटण्याची पद्धत वेगळी होती, आणि ती वर्षातून एकदा, नववर्षाच्या केकमध्ये दिसायची.

सेंट वासिलिसच्या त्या केकमध्ये आपण सगळेच नाणं लपवतो, आणि ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याला वर्षभराचं नशीब. इसिदोरोस बोटीवर लागला तेव्हापासून, अकरा वर्षं, हे नाणं दरवर्षी न चुकता त्याच्याच तुकड्यात निघत होतं. देवाची कृपा, असं मार्केला शेजारणींना सांगायची. देवाला या कामात तिची थोडी मदत होती. केकवर बदामांनी वर्षाचा आकडा काढायचा, त्यात एक बदाम उलटा बसवायचा, आणि नाणं कुठे आहे ते त्यावरून ओळखायचं. पांतेलिसने सुरी हातात घेतली की ती म्हणायची, "इथून काप." पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मरियामातेचा, तिसरा घराचा, मग पांतेलिस, मग ती स्वतः, आणि सहावा इसिदोरोसचा. सहाव्यात नाणं. पांतेलिसने ही चलाखी पहिल्याच वर्षी ओळखली होती. आयुष्यात ज्या एकाच गोष्टीवरून त्याने बायकोची चेष्टा केली नाही ती ही.

डिसेंबरात नवीनच काळजी उपटली. वर्षाच्या शेवटी दोन शून्यं आली की जगातले कॉम्प्युटर गोंधळणार, विमानं पडणार, जहाजांची इंजिनं बंद पडणार, असं टीव्हीवरचे टाय बांधलेले लोक रोज सांगू लागले. मार्केलाने दिव्याच्या तेलाच्या बाटल्या भरून ठेवल्या, पीठ आणलं, पण समुद्रात काय नेऊन देणार? इसिदोरोसचं जहाज चिलीहून तांब्याचं खनिज भरून जपानकडे निघालं होतं. मधे नुसतं पाणी. त्यात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ एक तेलवाहू जहाज दोन तुकडे होऊन बुडालं, तेव्हा तर ती जेवलीच नाही. निघताना इसिदोरोस म्हणाला होता, "नववर्षाच्या दिवशी कप्तानाच्या फोनवरून बोलतो." त्या एका वाक्यावर ती उभी होती.

एकतीस तारखेला दुपारी टीव्हीवर प्रशांत महासागरातल्या कुठल्याशा बेटावर लोक नाचताना दिसले. तिकडे नवं वर्ष लागलंही होतं, आणि बेट बुडालं नव्हतं. मार्केलाला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात नकाशावर बोट ठेवून बसलेल्या पांतेलिसला हसू फुटलं.

"अगं, आपला पोरगा याच सुमारास तारखेची रेघ ओलांडणार," तो म्हणाला. "पूर्वेकडून पश्चिमेला. एक दिवस गळणार त्याचा. माझ्या हिशेबाने एकतीसनंतर थेट दोन तारीख."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला एक तारीखच नाही. अख्खं जग ज्या दिवसाला भितंय तो दिवस आपल्या चिरंजीवांना लागूच नाही."

पांतेलिसला वाटलं, बायकोला यात आनंद होईल. मार्केला खुर्चीत बसली. ज्याला नववर्षाचा दिवसच नाही तो नववर्षाच्या दिवशी फोन कसा करणार? आणि त्याच्या तुकड्याचं काय? जो दिवस त्याला मिळणारच नाही त्या दिवसाचं नशीब त्याला पोचणार तरी कसं? पांतेलिसने समजावलं, रेघ कागदावर असते, पाण्यावर नसते. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी रशियाच्या अध्यक्षाने खुर्ची सोडली, अमेरिकेने पनामाचा कालवा त्याच्या मालकांना परत दिला, आणि मार्केलाने बातम्या सुरू असूनही एक अक्षर ऐकलं नाही. ती पीठ मळत होती. त्या वर्षी तिने नाणं तीनदा उकळून घेतलं आणि केकमध्ये ठेवताना क्रूसाची खूण केली. वर बदामांनी २००० काढलं.

मध्यरात्री दिवे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं, की आपल्याला आधीच माहीत होतं. मार्केलाने शकुनासाठी दाराच्या उंबऱ्यावर डाळिंब फोडलं, दाणे चांगले लांबवर उडाले, पण फोन वाजला नाही.

जेवणं झाल्यावर केक आणला. पांतेलिसने त्यावर सुरीने क्रूस काढला, ताट फिरवलं. मार्केलाने उलटा बदाम शोधला, मनात मोजलं, आणि म्हणाली, "इथून काप."

"ख्रिस्ताचा," पांतेलिस म्हणाला. "मरियामातेचा. घराचा."

"आता बाळाचा," आर्गिरो म्हणाली.

पांतेलिसची सुरी थांबली. आर्गिरोने कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसून सांगितलं, की बाळ अजून घराच्याच आत आहे, तर त्याचा तुकडा घराला लागूनच हवा. नातवंडाचा पहिला हट्ट! पांतेलिसचा ऊर असा भरून आला की त्याला बदाम-बिदाम काही आठवलं नाही. त्याने कापला. मार्केला काय सांगणार होती? थांबा, अकरा वर्षं मी लबाडी करते आहे, एक तुकडा मागे घ्या?

पुढचा पांतेलिसचा. त्याच्या पुढचा, सहावा, तिचा. ती आपल्या तुकड्याला हात लावेना. पांतेलिसनेच काट्याने तो उघडला, आणि नाणं ताटलीवर वाजलं.

आर्गिरोने टाळ्या वाजवल्या, तिला काय माहीत. मार्केलाचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला. मुलाचं नशीब आपण खाल्लं, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. तो दिवस फोनविना गेला. संध्याकाळी आर्गिरो जिना उतरून आली आणि तिच्याजवळ बसली. घाबरलेली तीही होती, नुसतं दाखवत नव्हती. तेव्हा मार्केलाने तिला बदामाची सगळी गोष्ट सांगून टाकली. आर्गिरो आधी हसली, मग सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, मी तुकडा मागायलाच नको होता.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी. कप्तानाच्या केबिनबाहेर सगळ्या खलाशांची रांग लागली होती, म्हणून उशीर झाला, इंजिन झकास चाललंय, असं इसिदोरोस एका दमात बोलला. आवाज उशिरा पोचत होता, प्रत्येक वाक्यानंतर समुद्राएवढी शांतता. मार्केलाच्या जिवात जीव आला. पांतेलिस आणि आर्गिरो रिसीव्हरला कान लावून तिला चिकटून उभे होते.

"मग? नाणं मलाच ना?" इसिदोरोसने विचारलं. हा त्याचा दरवर्षीचा प्रश्न.

खोटं बोलायला तिला कुणी अडवलं नव्हतं. आर्गिरोने मानेनेच 'हो म्हणा' अशी खूण केली.

"नाही रे," मार्केला म्हणाली. "यंदा मला निघालं."

पलीकडे तो हसला. "वा, आई! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग काय मागितलंस?"

तिने काहीच मागितलं नव्हतं. ज्याच्या वाट्याला नशीब येतं त्याने काहीतरी मागायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने आर्गिरोच्या पोटाकडे पाहिलं, पांतेलिसच्या गुडघ्यांकडे पाहिलं. आजीच्या बहिणीचा माणूसही तिला आठवला. आर्गिरोने तिचा हात धरला.

"तू ये," मार्केला म्हणाली. "इसिदोरे, पोरा, घरी ये."

पांतेलिसने छातीवर क्रूसाची खूण केली. एवढा बारा बंदरांचा माणूस, पण त्यालाही भीती वाटली. फोनमध्ये खरखर सुरू होती. लाइन तुटली असं वाटून आर्गिरो रिसीव्हर घ्यायला पुढे झाली, तेवढ्यात त्याचा आवाज आला, आणि तो आवाज तिशीतल्या इंजिनीअरचा नव्हता, एका लहान पोराचा होता.

"मार्चमध्ये उतरतो. शहरातल्या म्हाताऱ्याला होय म्हणून कळवा," तो म्हणाला. "मला वाटायचं, आई, तुम्हाला मी बोटीवरच बरा वाटतो. अकरा वर्षांत तुम्ही दोघं एकदासुद्धा 'ये' म्हणाला नाहीत."