सॅलड तेवढं जोशीबाईंचं!

नोकरीतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजमध्ये मागे मागे सरकत गेलेल्या वाट्यांसारखे ते आपोआप साठतात. मैत्रिणी जमल्या की एकेक बाहेर काढायचा आणि वास घेऊन ठरवायचं, कुठला अजून खपेल आणि कुठला पार आंबलाय. माझे बहुतेक आंबलेलेच आहेत. ऐकणाऱ्याला मात्र हसू येतं, म्हणून सांगते.

नव्वदच्या दशकात मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होते. जेवणाच्या सुट्टीत आमचं चौघांचं मराठी टेबल असायचं. सेक्शन हेड कुलकर्णीसाहेब इथल्याच मल्लेश्वरममध्ये जन्मलेले, त्यामुळे त्यांचं मराठी निम्मं कन्नड. देशपांडे पुण्याचा, बोकारे नागपूरचा. दोघंही मला ज्युनिअर. चौथी मी. मीटिंगमध्ये 'मिसेस जोशी' आणि टेबलावर साहेबांची 'अक्का', बाकी दोघांची 'मॅडम'!

*

एका मार्चमध्ये डॉक्टरांनी साहेबांना बजावलं, रोज कच्च्या भाज्या खा. पण त्यांचा डबा भरला जायचा भल्या सकाळी. चिरलेली काकडी दुपारपर्यंत लिबलिबीत व्हायची.

"अक्का, तुम्ही इंजिनिअर ना? स्वल्प आयडिया काढा की!"

काढली. काकडी, गाजर, नवलकोल यांचे लांब तुकडे करून बर्फाच्या पाण्यात टाकायचे. मग टिपून अगदी कोरडे करायचे आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात भरायचे. टोमॅटो अख्खा न्यायचा, ऐनवेळी चिरायचा. मीठ, लिंबू, दाण्याचं कूट सगळं वेगळं, कारण मीठ लागलं की काकडी पाणी सोडते. दुपारी टेबलावर नुसता कराकर आवाज!

"मॅडम, काय वाजून राहिली काकडी!" बोकारे म्हणाला आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात माझं एक डिझाइन पास झालं होतं. खेड्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी, पंख्याशिवाय चालणारा पॉवर सप्लाय. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

*

साहेबांचं पथ्य हळूहळू चौघांचं झालं आणि सॅलड आणायची जबाबदारी माझी. देशपांडेला तर त्यात खोटही काढायची असायची.

"मॅडम, कूट घातलं की ती कोशिंबीर होते. सॅलड म्हणजे कसं, नुसतं हवं."

"मग उद्या तू आण ना."

आणलं. रात्रीच चिरून, वर मीठ भुरभुरून. डबा उघडला तर काकड्या पोहत होत्या! त्याने शांतपणे झाकण लावलं आणि म्हणाला, "बघा, म्हणून ज्याचं काम त्यानं करावं."

*

एकदा तापाने आठवडाभर घरी पडले होते. शेजारच्या काकू सांगत आल्या, "तुमच्या ऑफिसातून फोन आहे, अर्जंट म्हणे." पॉवर सप्लायचं टेस्टिंग चालू होतं. कुठला पार्ट जळला असेल, काय झालं असेल, असा विचार करत, भिंत धरत त्यांच्या घरी गेले.

पलीकडे साहेब.

"अक्का, ते लिंबू आधी पिळायचं की मीठ आधी?"

*

पुढे तो पॉवर सप्लाय रायचूरच्या उन्हात चालवून बघायचं ठरलं. मी बॅग भरायला घेतली.

"छे छे! रायचूरला ऊन फार. देशपांडे जाईल," साहेब म्हणाले.

"आणि मॅडम गेल्या तर सॅलड कोण आणणार?" बोकारेने जोडलं. सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याची मला अजून चीड येते.

देशपांडे उन्हात रापून परत आला. पॉवर सप्लाय अजिबात तापला नव्हता. त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव 'देशपांडेचा सप्लाय' पडलं.

*

मग आली परदेशी पाहुण्यांची भेट. आमचा माल घ्यायचा की नाही, हे ते ठरवणार होते. साहेबांना वरची पोस्ट मिळत होती, त्यांची खुर्ची रिकामी होणार होती. पाहुण्यांसमोर जो प्रॉडक्ट मांडेल तोच त्या खुर्चीत बसणार, हे कँटीनमध्येसुद्धा ठाऊक होतं. सीनिऑरिटीने मी पुढे, डिझाइन माझं. मी प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सीज स्वतः लिहून तयार केल्या.

"प्रेझेंटेशन देशपांडे करेल," साहेब म्हणाले. "तुमच्यावर त्याहून नाजूक काम आहे. या लोकांचं पोट हळवं, कँटीनचं कच्चं काही देता येत नाही. सॅलड घरून आणाल?"

मी तोंडावर नाही म्हणणार होते. पण निदान त्या खोलीत तरी असेन, म्हणून हो म्हटलं.

उकळून गार केलेल्या पाण्यात सगळं धुतलं. बर्फही त्याच पाण्याचा केला. काकडी, गाजर, नवलकोल, कैरीच्या चकत्या, भिजवलेली मूगडाळ, वर ओलं खोबरं. वाढताना साडी खराब होईल म्हणून कँटीनच्या सुपरवायझरबाईंनी मला ॲप्रन बांधला. मी टेबलाशी उभी राहिले.

पाहुण्यांतल्या मुख्य गृहस्थांनी जेवताना पुन्हा तोच प्रश्न काढला, जो सकाळी देशपांडेने टोलवला होता. एवढ्या उन्हात चालणाऱ्या मशीनला पंखा का नाही? देशपांडेने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी काकडीकडे पाहिलं.

मला राहवलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं, खेड्यात पंखा हवेपेक्षा धूळच जास्त ओढतो आणि तीच मशीन मारते. म्हणून उष्णता बाहेरच्या पत्र्यातून जाईल अशी रचना केली आहे. त्यांनी घास तसाच ठेवून आणखी दोन प्रश्न विचारले. मी दोन्हींची उत्तरं दिली. खोलीत कुणी चावतसुद्धा नव्हतं.

गृहस्थ साहेबांकडे वळले. "कमाल आहे! तुमच्या कँटीनमधल्या बाईंनासुद्धा प्रॉडक्ट इतकं माहीत आहे?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हसून त्यांच्याशी हात मिळवला.

"थँक यू, सर! आम्ही ट्रेनिंग सगळ्यांना देतो."