शीतलचं ओरिएंटेशन

वॉर्डातून फोन आला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत थोरल्या भावाच्या खोलीवर जेवत होतो, आणि तो मी उचलला नाही. सुट्टीच्या दिवशी वॉर्डाचा फोन म्हणजे माझा एखादा नवा पराक्रम उघडकीला आलेला असणार. शिव्या काय, जेवण झाल्यावरही गरमच मिळतात. परत वाजला तेव्हा मोबाईल पालथा ठेवला. शेवटी भावानंच घेतला, ऐकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शीतल म्हणून कोण हाय रं तुमच्यात?... गेली म्हणं."

शीतल निपाणीजवळच्या सदलग्याची. बेळगावातल्या एका खाजगी रुग्णालयात ती आणि मी एकाच दिवशी नर्स म्हणून रुजू झालो. सुरुवातीचे काही महिने ओरिएंटेशन. म्हणजे शिकायचं, आणि शेवटी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर ठरवणार, कायम करायचं, मुदत वाढवायची की घरी पाठवायचं. सकाळी पाळी बदलताना प्रत्येक पलंगापाशी उभं राहून पेशंटची माहिती पुढच्या पाळीला द्यावी लागते. तिथंच, पेशंट, नातेवाईक, झाडूवाल्या मावशी अशा भरल्या दरबारात आमचा रोजचा निकाल लागायचा. माझा पहिला निकाल तर अजून वॉर्डात सांगतात. पेशंट बाथरूमला गेलेला, त्याच्या जागी त्याचा मेहुणा आडवा झालेला. मी त्याचं बीपी घेतलं, ताप बघितला, नोंद केली. "जरा लवकर आटपा, मला बस गाठायचीय," असं तो म्हणाला तेव्हा कुठं मला शंका आली. सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एनप्पा, काय रं बाबा, तुला पेशंट कळंना, पावणा कळंना. बसमध्ये कंडक्टर हो. तिथं सगळेच पावणे."

मी असल्या बोलण्याचं नाटक करायचो. चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन, चष्मा नाकावर ओढून, सिस्टरांची हुबेहूब नक्कल. शीतल चादरीत तोंड खुपसून हसायची. पण हसून झालं की हमखास विचारायची, "खरंच आपल्याला जमंना व्हय रं?" माझ्या अंगावरून जे वाहून जायचं ते तिच्या अंगात मुरायचं. सुरुवातीला ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची, तर सिस्टर म्हणाल्या, "किती विचारतीस? कॉलेजात काय झोपा काढल्यास?" तिनं विचारणं सोडलं. मग एकदा कुठलंसं इंजेक्शन द्यायला उशीर झाला, तर, "विचारायला तोंड न्हाय तुला?" एका म्हाताऱ्या पेशंटनं मध्ये तोंड घातलं, "असू दे वो, पोरगी चांगली हाय." त्यावर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आम्ही पण असंच शिकलो, आज्जी." आणि शीतलला, "तुझी मुदत वाढवावी लागणार बघ."

त्या दिवशी माझी नक्कल चालली नाही. "आईनं गल्लीत पेढे वाटल्यात रं," ती म्हणाली. "वाढवलं तर तिनं काय सांगायचं लोकांस्नी?" तिची आई विड्या वळते. वडील नाहीत. घरात महिन्याच्या पगाराची नोकरी लागलेली ही पहिलीच.

शेवटच्या आठवड्यात तिला ताप यायला लागला. रजा घेतली की मुदत वाढलीच, हा तिचा हिशोब. ड्युटीवर यायच्या आधी गोळी घ्यायची आणि दिवसभर दुसऱ्यांचे ताप बघायचे. हे सगळं नंतर कळलं. मला ती एवढंच म्हणाली, "थकवा हाय, बाकी काय न्हाय." मी म्हणालो, "तुझं तोंड बघून पेशंट तुलाच सलाईन लावतील." हसली. विनोद बरा झाला म्हणून मी खूश. कुणाच्याही मेहुण्याचा ताप बघणाऱ्या मला तिच्या कपाळाला हात लावायचं काही सुचलं नाही...

मी सुट्टीवर होतो त्याच सकाळी पलंगापाशी माहिती देता देता ती कोसळली. "नाष्टा करून येत न्हायत ह्या पोरी," सिस्टर म्हणाल्या. डेंगी होता. वरच्या मजल्यावर आयसीयूत नेली ती परत वॉर्डात आली नाही.

आम्ही सदलग्याला गेलो, सिस्टरही आल्या. शीतलच्या आईनं त्यांना जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "काम बरं करत होती का वो, माझी पोर?"

"लई चांगलं करत होती, आक्का," सिस्टर म्हणाल्या. "हात हलका होता. सुई टोचल्याली कळायची न्हाय. पेशंट तिलाच बोलवा म्हणायचे." एकदाही न अडखळता. म्हणजे हे सगळं त्यांना दिसत होतं.

आईनं मान हलवली. "व्हय, रोज फोनवर सांगायची की. मॅडम माझं लई कौतुक करत्यात म्हणायची."

हातातला चहा सिस्टरांनी तसाच खाली ठेवला. परत येताना निपाणीपासून बेळगावपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आता वॉर्डात नव्या मुली आल्यात. काल सकाळी त्यातल्या एकीनं पलंगापाशी उभं राहून सगळं नीट, एका दमात सांगितलं. सिस्टर थांबल्या. तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओठ हलले असंही मला वाटलं... मग त्या वाकल्या, पलंगावरची चादर ओढली आणि म्हणाल्या, "कोपरा बरोबर न्हाय."

"हो सिस्टर," मुलगी म्हणाली.

कोपरा बरोबर होता.