लांब बाह्यांचं पोलकं

माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. वरठीला आमच्या गल्लीतल्या बाया भेटल्या की विचारतात, "जपानले गेल्ता म्हन्ते, गरम पान्याचे झरे पाह्यले का?" मी "पाह्यले" म्हणते आणि भाजीचा विषय काढते. पाहिले हे खोटं नाही.

भाऊ तिकडे नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने मायला आणि मला बोलावून घेतलं. निमित्त मायच्या गुडघ्यांचं. माझ्या माहेरी, आंबागडला, तिने सारी उमर रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून धान लावलं, आणि आता पाटावरून उठायला तिला भिंत लागते. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, जमिनीतून निघते हे पानी, गंधकाचं. इथले म्हातारे याच्यावरच जगून राहिले." मायने ते असं मनावर घेतलं की दर फोनला एकच प्रश्न. बर्फाचे डोंगर नकोत, वाऱ्यासारखी पळणारी गाडी नको. "त्या पान्यात कवा बसाचं?"

सामान भरताना मी तिची लांब बाह्यांची तीन पोलकी वर काढून ठेवली. "थंडी राह्यते तिकडं," म्हटलं. तिने मुकाट्याने पिशवीत घातली.

अडचण एकच होती. त्या पाण्यात कपडे घालून उतरू देत नाहीत. बायांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत सगळ्या उघड्या. आमच्याकडे बाई नदीवरसुद्धा लुगड्यासकट आंघोळ करते आणि ओल्यावरूनच कोरडं नेसते. हे मायला कसं सांगायचं यात माझे आठ दिवस गेले. सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग विमानात, पट्टा बांधून झाल्यावर, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बायाच राह्यतीन ना? मंग कायले लाजाचं? बाळंतपनात कोन लाजलं?" सत्तरी गाठलेल्या, परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईने हे ठरवलं होतं. तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं मला सोसत नाही.

भावाने ठरवलेली गरम पाण्याच्या कुंडांची सराय डोंगरात होती. लाकडी, जुनी आणि भारी. मोठमोठी माणसं तिथे उतरतात म्हणे. दारात काढलेल्या चपला कोणीतरी उचलून, त्यांची तोंडं बाहेर फिरवून, जोडीने लावून ठेवल्या. खोलीत चटया, घालायला लांब सुती झगे, आणि सगळे इतक्या हळू बोलणारे की आम्ही दोघी खोकतानाही तोंडावर हात धरायला लागलो. जेवणात बोटभर वाट्या आल्या, वीस तरी असतील. माय म्हणाली, "हे तं भातुकलीचं हाये," आणि हसली. त्या प्रवासातलं तिचं ते एवढंच मोकळं हसणं.

संध्याकाळी आम्ही कुंडाकडे गेलो. कपडे ठेवायच्या खोलीत वेताच्या टोपल्या होत्या. मायने भिंतीकडे तोंड करून एकेक उतरवलं, नीट घडी घातली, वर डोरलं ठेवलं. हातात एक रुमालाएवढा पंचा. तो कुठे धरावा हे तिला समजत नव्हतं, तरी ती वळली आणि दाराकडे चालू लागली. काचेपलीकडे वाफ दिसत होती.

तेवढ्यात तिथली सेवेकरी बाई पुढे आली. माझ्याच वयाची असेल. तिची नजर मायच्या हातांवर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण: ठिपके, तुळस, उजव्या हातावर विंचू. पोटऱ्यांवर वेली. ती बाई कमरेत वाकली, हसली, आणि दोन्ही हातांची फुली करून आमच्यासमोर धरली. भिंतीवर पाटी होतीच. गोंदलेल्या हाताचं चित्र आणि त्यावर तांबडी रेघ.

मला लगेच कळलं. मायला नाही. तिला वाटलं, आपल्या हातांचा रंग यांच्या स्वच्छ पाण्यात उतरेल म्हणून ही बाई भीत आहे. तिने अंगठा जिभेला लावला, विंचवावर घासला आणि कोरा अंगठा त्या बाईपुढे धरला. "सुटत नाई जी. पक्कं हाये. लहानपनचं हाये." ती बाई आणखी वाकली. मायने आणखी जोरात घासलं. "पाहा ना जी."

अंगावर सूत नसलेली माझी माय अंगठा दाखवत उभी होती, आणि समोरची वाकत होती. नाही म्हणायचं तर उभं राहून म्हणा! वाकून म्हटल्याने ते काय गोड होतं? मी मराठीतच ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. आतल्या बायांनी माना खाली घातल्या, आणि मी टोपलीतलं लुगडं ओढून मायभोवती गुंडाळलं.

बाहेर भाऊ बाकावर बसला होता. आम्हाला पाहताच त्याने खिशातून एक पाकीट काढलं. कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या, गोंदण झाकायच्या.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"ताई, इथं गुंडे लोकं गोंदून घेत होते. म्हनून हा नियम हाये. मले वाटलं, कोनी पाहनार नाई."

"मंग आपली माय गुंडी हाये का रे?"

"पट्ट्या लावून पाहू ना. चिडून काय होते?"

पट्टी तळहाताएवढी, हात कोपरापर्यंत. आणि रंग त्यांच्या कातडीचा! मी एक लावून पाहिली. मायच्या सावळ्या हातावर ती कोडाच्या डागासारखी दिसली. मायने थोडा वेळ पाहिलं, मग नखाने कड उचलून ती काढून टाकली.

"वर जाताना दागिने इथंच राह्यतात," ती म्हणाली. "हे येवढंच सोबत येते. थे झाकून पान्यात बसू?"

मालकीणबाई स्वतः आली. एक लहान कुंड तासभर फक्त आमच्यासाठी उघडून देते म्हणाली, भावाने तसं सांगितलं. मायने मान हलवली. चोरून आंघोळ करायची तर घरची मोरी काय वाईट आहे, म्हणाली. मी पुन्हा भावावर तुटून पडले. नियम माहीत असून म्हातारीला सात समुद्र ओलांडून आणलंस, तुला तिची लाज वाटते, असं बरंच काही.

माय मध्येच बोलली. आवाज चढवला नाही.

"त्याच्यावर काहून चिडतं? त्यानं आज पट्ट्या आनल्या. तूनं तं सातवीत असतानाच झाकाले लावलं होतं."

तुमसरच्या शाळेतलं बक्षीस वाटप. माय मला घ्यायला आली होती, अर्ध्या बाह्यांच्या पोलक्यात. शहरातल्या पोरी हसल्या, आणि मी फाटकातच तिला म्हटलं, "हात झाक ना माय." मी ते विसरून गेले होते. त्यानंतर ती शहरात आली की लांब बाह्याच. माझ्या लग्नात, ऐन वैशाखात, घामाने निथळत ती तशीच मांडवात फिरली. मला वाटायचं, तिची आवड आहे.

राग होता, पण आता तो कोणावर काढायचा ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनाबाहेर गरम पाण्याचा एक लांब हौद होता, कोणीही यावं आणि पाय सोडून बसावं असा. नियम नाही, पाटी नाही. मायने लुगडं गुडघ्यांपर्यंत घेतलं आणि पाय पाण्यात सोडले. शेजारच्या आजीने पोटऱ्यांवरच्या वेली पाहिल्या आणि सरकून जागा दिली. मायने डोळे मिटले. तिच्या कपाळावर घाम आला.

मी तिचा हात मांडीवर घेतला आणि पोलक्याची बाही कोपराच्या वर दुमडली. मग दुसरी. विंचू उन्हात आला.

तिने डोळे उघडले, हातांकडे पाहिलं, आणि दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"राहू दे," ती म्हणाली. "थंडी राह्यते इकडं."