थोरलीचा जबडा

मोशीच्या आमच्या हॉस्पिटलात त्या दुपारी रिक्षातून दोन बायका उतरल्या. साठी ओलांडलेल्या थोरलीनं तोंडावर पदर दाबून धरला होता. सोबतची तिची धाकटी जाऊ दाराशीच थांबली.

थोरलीनं पदर काढला. तोंड सताड उघडं, हनुवटी पुढे आलेली, लाळ गळत होती.

"लकवा मारलाय का हो, मॅडम?" धाकटीनं लांबूनच विचारलं.

मी हातपाय हलवायला, डोळे मिटायला लावले. सगळं ठीक होतं. कानांपुढे बोटं ठेवली, तर दोन्हीकडे खळगा लागला.

"जांभई दिली होती का, काकू?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"लकवा नाही. जबडा सरकलाय. आत्ता बसवते."

औषधांचं विचारलं, पण थोरलीला नुसतं 'आ, आ' करता येत होतं. तेव्हा धाकटी पुढे आली. "बीपीची गोळी हाय सकाळची. इंजेक्शनचं वावडं न्हाई. असं मागं बी एकदा झालं हुतं, माझ्या लग्नाच्या वर्षी."

"एकाच घरात राहता?"

"न्हाई. मधी भिंत हाय. आठ वर्सं बोलत न्हाई आमी. आज तिच्याकडं कुनी नव्हतं, भिंतीवर तांब्या आपटत हुती. म्हनून गेले."

थोरलीला खुर्चीत बसवून डोकं मागे टेकवलं, दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं. धाकटीला म्हटलं, "यांचा हात धरा." ती जरा घुटमळली, मग धरला. मी अंगठ्यांना गॉज गुंडाळून मागच्या दाढांवर ठेवले आणि सावकाश खाली दाबत राहिले. इमर्जन्सीत इतकी वर्षं काढल्यावर हे काम हातांना पाठ झालंय. घाई तेवढी करायची नसते. स्नायू सैल पडल्याचं जाणवलं, तसा जबडा मागे सरकवला. खट्‌कन बसला. दात जुळले.

थोरलीनं गाल चाचपला आणि जावेकडे वळून विचारलं, "घराला कडी लावली का?"

"लावली. गॅस बी बंद केला."

मी हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. जांभई आली तर हनुवटी हातानं धरायची, खायला पातळच द्यायचं, असं सांगितलं. "माझी सून कामावर असती..." थोरली अडखळली.

"पेज मी करीन," धाकटी म्हणाली.

आठवड्यानं दोघी तपासणीला आल्या. जबडा व्यवस्थित होता.

"पेजेला कटाळलीय ही," धाकटी म्हणाली. "भाकरी कधी देऊ?"

"आमटीत भिजवून आजपासून द्या," मी म्हटलं.